सख्ख्या माणसानं करून दिलेली ओळख

टीव्हीवर मी पुष्कळ चहा दिलाय. इतका, की घरी खरोखरचे पाहुणे आले तरी ट्रे हातात घेताना माझी मान आपोआप खाली जाते, आणि मग माझा मलाच राग येतो. रमजानमध्ये दाखवायच्या मालिकांचं शूटिंग इकडे गल्फमध्ये बरंच आधी सुरू होतं. मालिकेत मोठं घर असतं, घरात मोठी मालकीण असते, आणि दार उघडायला, ट्रे आणायला, मालकीण चक्कर येऊन पडली की किंचाळायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. रंग काळा आणि केस कुरळे. कुरळे म्हणजे गाण्यातले नव्हेत, कंगव्याचे दात मोडणारे.

खरं तर मी सेटवर गेले होते कपडे शिवायला. इथं बहरीनमध्ये, मुहर्रकच्या बाजारात बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात मी वर्षानुवर्षं काम करते. आमच्या दुकानाकडे एका मालिकेचे कपडे आले, आणि नायिकेचे झगे जागच्या जागी घट्ट-सैल करायला मला सेटवर पाठवलं. एक दिवस मोलकरणीचं काम करणारी बाई आलीच नाही. दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. कशी नाही थांबणार? म्हणाला, तोंडातल्या टाचण्या काढ आणि हा ट्रे धर, यल्ला, चल लवकर. धरला. तेव्हापासून दर वर्षी बोलावणं येतं.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. कॅमेऱ्यापुढं उभी राहिले की अंगात काहीतरी संचारायचं. पण मला तोंड उघडू देतंय कोण? मालिकेमागून मालिका गेली, माझ्या वाट्याला अरबीत ‘हो मालकीणबाई’ याच्यापुढं एक वाक्य आलं नाही.

मी मुरूडची. आमचे अब्बा सिद्दी. लहानपणी ते मला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर जायचे, समुद्रातल्या जंजिऱ्याकडं बोट दाखवायचे आणि सांगायचे, आपले पूर्वज आफ्रिकेतून आले, या पाण्यावर आणि या किल्ल्यावर त्यांची हुकमत होती. शाळेत मात्र पोरं ‘हबशी, हबशी’ करून पिच्छा पुरवायची. मी एकदा रडत घरी आले तर अब्बा म्हणाले, यात रडायचं काय? हबशी म्हणून हाक मारली तर ओ द्यायची, आपण आहोतच. मी दुसऱ्या दिवशी ओ दिली आणि पोरांची बोलतीच बंद झाली. त्यानंतर मला या गोष्टीची लाज कधी वाटली नाही.

अम्मी श्रीवर्धनची, कोकणी मुसलमान, गोरीपान. मी अब्बांवर गेले, धाकटा भाऊ अम्मीवर गेला. रंग उजळ, केस सरळ, नाक तरतरीत. अम्मी लवकर गेली आणि तो माझ्या पदरात पडला. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, त्याच्यासाठी शाळेत मास्तरांशी भांडले, पुढं मी बहरीनला आल्यावर दुकानाच्या मालकाच्या हातापाया पडून त्याच्यासाठी व्हिसा काढवला. तो शिकलेला, इंग्रजी चांगलं. लवकरच एका व्यापारी कंपनीत चिकटला, लग्न केलं, अरादला फ्लॅट घेऊन राहू लागला. मी बुसैतीनला, एका खोलीत. मी लग्न केलं नाही. म्हणजे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा माझे केस झाकून ठेवायच्या अटीवर विचारलं.

आमच्या जमातीत चार माणसं भेटली की पहिला प्रश्न गावाचा. गाव कुठलं, मोहल्ला कुठला, कुणाचे तुम्ही. हा माझा भाऊ कुणी विचारलं की ‘श्रीवर्धन’ सांगायचा. म्हणजे आईचं गाव. मला ते कळलं तेव्हा मी त्याला हसले होते. म्हटलं, केसांना कलप लावतोस तसा गावालाही लावलास की काय? तोही हसला. मी ते तिथंच सोडून दिलं. माणूस परदेशात थोडी शेखी मिरवतोच, त्यात काय एवढं.

सेटवर मेकअपला एक केनियाची मुलगी यायची. एरवी ती लहान मुलांच्या नर्सरीत नोकरीला, सुटीच्या दिवशी हे काम. बाकीच्या मेकअपवाल्या माझ्या केसांना हात लावायला नाक मुरडायच्या, फडकं बांध म्हणायच्या. हिनं पहिल्याच दिवशी माझ्या केसांत दहाही बोटं घातली आणि विचारलं, कुठली गं तू? इंडियाची म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. मग मी तिला अब्बांची सगळी हकिगत सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. ती हातातला कंगवा खाली ठेवून स्टुलावर बसली. म्हणाली, मग तू आमची आहेस. ती मला मामा म्हणते. त्यांच्यात मोठ्या बाईला तसंच म्हणतात, पण मला सुरुवातीला फार हसू यायचं.

तिच्यामुळं मला ते पुरस्कार कळले. अमेरिकेत सिनेमा-टीव्हीतल्या काळ्या कलाकारांचा गौरव करायला मोठे सोहळे होतात. ही मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, कुणी केनियाची, कुणी युगांडाची, नायजेरियाची, इथिओपियाची, तो कार्यक्रम नंतरच्या शुक्रवारी एकत्र बसून बघायच्या. नुसत्या बघायच्या नाहीत, नटूनथटून. जणू आपल्यालाच बोलावणं आहे. दुकानात उरलेल्या चांगल्या कापडाचे मी त्यांना झगे शिवून द्यायचे. कुणी मसालेभात आणायचं, मी कोलंबीचं सुकं न्यायचे.

पहिल्यांदा तो सोहळा बघितला तेव्हा मी घास हातात धरून तशीच बसले होते. माझ्यासारख्या रंगाच्या, माझ्यासारख्या केसांच्या बायका, आणि कुणी डॉक्टरीण झालेली, कुणी जज, कुणी राणी. एकीच्याही हातात ट्रे नाही. आणि बक्षीस घ्यायला वर गेल्या की आधी आपल्या आईचं, आजीचं, गावाचं सांगायच्या. मी मनात म्हटलं, अब्बा असायला हवे होते. त्यांना मी टीव्हीसमोर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, ओ दिली सगळ्यांनी.

पुढं त्या मुलीनं फोनवर एक छोटा सिनेमा काढला. त्यात मुख्य काम माझं. गोष्ट साधी: एका घरातली माणसं देश सोडून निघून जातात, आणि त्यांची जुनी मोलकरीण चावी परत द्यायच्या आधी त्या रिकाम्या घरात एक अख्खा दिवस एकटी असते. मी म्हटलं, पुन्हा मोलकरीणच का? ती म्हणाली, हो, पण या वेळी घर तुझं आणि मालकीण गायब. मी विचारलं, बोलू कुठल्या भाषेत? ती म्हणाली, ज्या भाषेत तू भांडतेस त्या भाषेत बोल. मग काय! त्या रिकाम्या भिंतींशी मी मराठीत जी भांडले, जी भांडले, आयुष्यभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. तिला अक्षर कळत नव्हतं, तरी कॅमेऱ्यामागं ती डोळे पुसत होती.

त्याच सुमारास त्या बायकांनी ठरवलं, अमेरिकेचे सोहळे किती दिवस बघायचे, आपणच एक करू. गल्फमध्ये सिनेमा-टीव्हीत कामं करणाऱ्या काळ्या माणसांसाठी. जी ट्रे धरतात, गर्दीत उभी राहतात, फोनवर सिनेमे काढतात त्यांच्यासाठी. अदलियात एका रेस्टॉरंटच्या वरचा हॉल शुक्रवारच्या दुपारचा मिळाला. आणि अभिनेत्रींच्या बक्षिसासाठी ज्या तिघींची नावं निघाली त्यात माझं होतं.

लगेच कुरबुर झाली. इंडियन बाई आमच्यात कशी, असं दोघातिघींनी विचारलं. आता त्यांचं तरी काय चुकलं? सगळीकडं मागं ठेवलेली माणसं ती, एक जागा स्वतःची केली तर तिथं तरी कुणी उपरं शिरू नये असं त्यांना वाटणारच. त्यांच्यात एक नायजेरियाची वयस्क बाई होती, हॉस्पिटलात नर्स. तिचा शब्द सगळ्या ऐकायच्या. ती म्हणाली, आपल्याकडं माणूस स्वतःची ओळख स्वतः देत नाही. जिचं नाव निघालंय तिच्या घरचं कुणीतरी उभं राहील आणि सांगेल, ही कुणाची, कुठली. सगळ्यांसाठी हाच नियम. हिच्या रक्ताच्या माणसानं उभं राहून सांगितलं की ही आपली, तर ही आपली. कागदबिगद आम्ही मागत नाही.

माझी केनियाची मुलगी म्हणाली, मामा, मी उभी राहते तुझ्यासाठी. माझी आई झालीस असं सांगते. मला तेव्हा काय तोरा! म्हटलं, तू कशाला? माझा सख्खा भाऊ इथं हाताच्या अंतरावर असताना मी परक्याला का उभं करू? तिचा चेहरा थोडा पडला. मला तेव्हा ते दिसलंही नाही.

सोहळ्याच्या आधीच्या एका शुक्रवारी भाऊ माझ्याकडं जेवायला होता. मी त्याला सगळं नीट सांगितलं, नियम सांगितला, कुरबुर सांगितली. तुला फक्त एवढंच बोलायचंय म्हटलं, की ही माझी सख्खी बहीण आणि आमचे वडील जंजिऱ्याचे सिद्दी. तो थोडा वेळ माशाचे काटे काढत बसला. मग म्हणाला, तिथं असणार कोण? मी म्हटलं, त्या बायका, आणि त्यांचीच माणसं. आपल्यातलं कुणी नाही. तेव्हा म्हणाला, येईन की आपा, तू माझी बहीण कुठली, तू तर माझी आई. त्यानं ते इंग्रजीत बसवलं, माझ्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहून दोनदा म्हणूनही दाखवलं. मी खूश. जाताना त्याला डब्यात सांदणं भरून दिली.

एक गोष्ट मला ठाऊक होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे रत्नागिरीकडचे, मोठं घराणं, नुकतेच दुबईहून इकडं आलेले. मुलाचा बाप एका तांदळाच्या कंपनीत मॅनेजर. बोलणी होत आली होती. भाची माझ्या जिवाचा तुकडा. शाळा इंग्रजी, मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीतच, पण मला ‘फुफी’, म्हणजे आत्या, म्हणायची ती अगदी अब्बांच्या बोलीतलं. तिच्या मंगनीचा पोशाख मीच शिवत होते.

सोहळ्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी बाटलीच्या हिरव्या रंगाचा झगा घातला होता आणि केस मोकळे सोडले होते. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोकळे. भाऊ सूट घालून आला, माझ्याकडं बघून म्हणाला, छान दिसतेस. एकेकीचं नाव घेतलं की तिचं माणूस तिच्याबरोबर स्टेजवर जायचं. इथिओपियाच्या मुलीची मावशी बोलली, डोंगरातल्या गावाचं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युगांडाच्या मुलीचा नवरा बोलला. मग माझं नाव आलं.

आम्ही दोघं वर गेलो. भावानं माईक हातात घेतला, तोंड उघडलं आणि तो थांबला. मला वाटलं घाबरला असेल. मी हळूच त्याच्या कोपराला हात लावला. त्यानं कोपर काढून घेतलं. मी त्याची नजर कुठं आहे ते पाहिलं. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, भाचीचा होणारा सासरा बसला होता; भाचीनं मला त्याचा फोटो दाखवला होता. त्या दिवशीचं जेवण त्याच्या कंपनीनं दिलं होतं, हे मला नंतर कळलं. तो भावाकडं बघून ओळखीचं हसत होता.

भाऊ बोलायला लागला. इंग्रजी स्वच्छ, आवाज गोड. म्हणाला, ही बाई आमच्या घरात वाढली. माझ्या आईनं हिला आसरा दिला. हिचे आईबाप कोण, कुठले, ते अल्लालाच ठाऊक. कुणी म्हणतात आफ्रिकेचे होते. आम्ही हिला कधी नोकर मानलं नाही, घरच्यासारखंच ठेवलं. आज हिला इथं बघून मला अभिमान वाटतो.

माझ्या कानात नुसता आवाज येत होता. मला वाटलं, मला इंग्रजी नीट कळलं नसेल. कळलं होतं. अब्बांनी ज्याला त्याच खांद्यावर बसवून तोच किल्ला दाखवला, तो मुडदा भर हॉलमध्ये माझा बाप पुसून टाकत होता. माझा म्हणजे त्याचाही. आणि मग त्यानं माईक माझ्या हातात दिला, माझ्याकडं वळून मान किंचित झुकवली, एखादा मोठा माणूस झुकवतो तशी, आणि खाली उतरून थेट त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

माईक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. हा माझा भाऊ आहे, हा खोटं बोलतोय. जिभेवर आलं होतं. पण समोर तो माणूस बसलेला, आणि मला भाची दिसायला लागली, पोशाखाचं माप देताना हात पसरून उभी असते तशी. हे बोलले तर तिचं ठरत आलेलं मोडणार. मी ओठ मिटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तर रडायचं कुणापाशी? केनियाची मुलगी खालून माझ्याकडं बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं तोंडावर हात धरला होता.

बक्षीस मलाच मिळालं. ती नायजेरियाची नर्सबाई वर आली, तिनं मला छातीशी धरलं आणि माईकमध्ये सांगितलं की जिला आपली माणसं माहीत नाहीत तिची माणसं आजपासून आम्ही. अख्खा हॉल उभा राहिला. रडत होत्या बायका. मी त्या काचेच्या बक्षिसाकडं बघत उभी होते आणि मनात म्हणत होते, मी अनाथ नाही हो, माझे अब्बा होते, त्यांना सगळं मुरूड ओळखायचं. भिंतींशी एवढी भांडले मी, त्याला टाळ्या नव्हत्या. टाळ्या मिळाल्या त्या माझ्या पोरकेपणाला, आणि तो माझ्या भावानं मला तिथल्या तिथं बहाल केला होता.

दुसऱ्या दिवशी मी अरादला गेले. भावजय स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच आली नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुला लाज कशाची वाटते, माझ्या केसांची की बापाच्या नावाची? म्हटलं, ज्या हातानं तुला भरवलं तो हात तू भर सभेत नोकराचा केलास. माझं बोलून झालं तसं तो त्याच्या ठरलेल्या थंड आवाजात म्हणाला, ‘आपा, तुझा काय गेला सांग बघू? बक्षीस तर भेटला ना? माझ्या पोरीचा संसार जात होता.’

मी म्हटलं, तो माणूस नसता तर तू खरं बोलला असतास? त्यानं घड्याळात पाहिलं. मी म्हटलं, बहरीन ते केवढं, आज ना उद्या कुणीतरी सांगेलच त्यांना. म्हणाला, निकाह होऊ दे, मग सांगेल कोण सांगेल ते. मग म्हणाला, मंगनीला यायचं असलं तर ये, पोशाख तू शिवलायस, तुझा हक्क आहे. फक्त गप्प राहा. हक्क आहे म्हणे! मी दार आपटून निघाले आणि बसस्टॉपवर उन्हात उभी राहून हमसाहमशी रडले.

मी मंगनीला जाणार नव्हते. खरंच नव्हते. पोशाख दुकानाच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवायचा असं ठरवलं होतं. पण भाचीचा फोन आला. नेहमीप्रमाणं इंग्रजीत, पण सुरुवात ‘फुफी’नंच. फुफी, तू आली नाहीस तर मला चैन पडणार नाही, प्लीज ये, पोशाखाची मागची बाजू तूच नीट करू शकतेस. मला वाटलं, पोरीच्या कानावर यातलं काहीच नाही. बापाचं पाप तिच्या माथी कशाला? आणि खरं सांगू, मला तिला त्या पोशाखात बघायचं होतं. शेवटी गेले.

अरादच्या त्या फ्लॅटमध्ये पंधरावीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत भाचीच्या पाठीवरचे हूक लावले, ओढणी डोक्यावर बसवली. कशी दिसत होती म्हणून सांगू, माशाल्ला. मी तिच्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं. तिनं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. दारात तिची होणारी सासू उभी होती.

सासू माणूस म्हणून चांगली होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. तोंडभरून हसली आणि म्हणाली, पोशाख कुणी शिवला गं एवढा सुंदर? भाचीनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. माझ्याकडं न बघता इंग्रजीत म्हणाली, ‘आंटीनं. आमच्याकडच्या आंटी आहेत या.’

आंटी. इथं दुकानातल्या बाईला आंटी म्हणतात, लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला आंटी म्हणतात. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. फोन केला तेव्हाही ठाऊक होतं. जिच्यासाठी मी स्टेजवर तोंड मिटून घेतलं, तिलाही मी फक्त पाठीचे हूक लावायला हवी होते. बापाचं मी समजू शकत होते, तो लहानपणापासून असाच, अंगावर शेकलं की दुसऱ्याचं नाव सांगणारा. पण ही? हिला मी पाळण्यापासून अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

सासू मला हाताला धरूनच बाहेर घेऊन आली. सगळ्या बायकांत मला आपल्या शेजारी बसवलं. म्हणाली, तुमच्याबद्दल आमच्या यांच्याकडून ऐकलंय मी, परवा कुठंसं बक्षीस मिळालं, तुमच्या साहेबांनी किती कौतुक केलं म्हणे तुमचं. पुरुष मंडळी समोरच्याच खोलीत होती, दार उघडं होतं, भाऊ शरबताचे ग्लास फिरवत होता. सासूनं प्रेमानं विचारलं, ‘किती वर्षं झाली तुम्हाला यांच्याकडं काम करून?’

आता जिच्यासाठी गप्प बसावं असं माझ्याकडं कुणी उरलं नव्हतं. मी सरळ बसले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत म्हटलं, ‘मी काम नाही करत यांच्याकडं. मी याची सख्खी मोठी बहीण. आमचे वडील मुरूडचे, सिद्दी. ही पोर माझी भाची.’

भाची दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. सासू एकदा माझ्याकडं बघत होती, एकदा भावाकडं. त्याचा उजळ रंग, सरळ केस, आणि माझं हे असं. मला वाटलं, झालं, आता सुटलं सगळं, चांगलं नाहीतर वाईट, पण सुटलं. मग भावानं शरबताचा ट्रे टेबलावर ठेवला, दाराशी आला आणि हसला. अगदी मायेनं हसला.

म्हणाला, ‘मनावर घेऊ नका, भाभी. कलाकार बाई आहे आमची. बक्षीस काय उगाच भेटलंय तिला?’

सासूनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती हसली. मग तिच्या शेजारची हसली, मग सगळ्याच हसल्या, कुणीतरी टाळीही वाजवली. पुन्हा एकदा करून दाखवा ना, असं एक मुलगी मला म्हणाली. मी भाचीकडं पाहिलं. तीही हसत होती. आणि सगळी खोली माझ्या तोंडाकडं बघत असताना चेहऱ्यावर काय आणावं तेच मला कळेना.